सूर्याला भिंती नाहीत

शाळेच्या पुस्तकातलं सूर्याचं चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गोळ्याची एक फोड कापून काढलेली, आत पिवळे, केशरी, लालसर पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला बाण लावून नाव. चित्रातली नावं बरोबर असतात, क्रमही बरोबर असतो. खोट आहे ती पट्ट्यांच्या मधल्या ठळक काळ्या रेघांमध्ये. सूर्यात घन असं काहीच नाही. केंद्रापासून काठापर्यंत सगळा प्लाझ्मा आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू. आत जावं तसा तो दाट आणि तापलेला होत जातो, बाहेर यावं तसा विरळ. मग थर कशाचे?

उष्णतेच्या चालीचे. एका ठिकाणी ती निर्माण होते, पुढे प्रकाशाच्या रूपाने पाझरते, त्याच्या पुढे उकळत्या वायूवर स्वार होते आणि शेवटी मोकळी सुटते. चाल बदलली की आपण थराचं नाव बदलतो. सूर्याच्या रचनेकडे असं पाहिलं की पाठांतर संपतं आणि प्रश्न सुरू होतात: चाल नेमकी तिथेच का बदलते?

त्याआधी चित्राची आणखी एक लबाडी. सूर्याची त्रिज्या सुमारे ६,९६,००० किलोमीटर. कागदावर सात सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास १०,००० किलोमीटर. ज्या थराला आपण सूर्याचा पृष्ठभाग म्हणतो तो जेमतेम ५०० किलोमीटर जाडीचा, म्हणजे या कागदावर मिलिमीटरचा विसावा भाग. वर्तुळ काढणाऱ्या पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. उलट आतला गाभा या चित्रात लहानसा टिळा वाटतो. पाव त्रिज्येपर्यंतचा हा भाग आकारमानाने सूर्याच्या दोन टक्क्यांहून कमी भरतो, पण सूर्याचं जवळपास निम्मं वस्तुमान त्यात आहे. बाहेरचा उकळता थर त्रिज्येचा तीस टक्के भाग व्यापतो आणि वजनाला मात्र दोनेक टक्के. चित्रात सगळ्यात जास्त जागा खाणारा भाग हा सूर्यातला सगळ्यात पोकळ भाग आहे.

गाभ्यापासून निघू. केंद्राशी तापमान सुमारे १ कोटी ५७ लाख केल्विन आणि घनता दर घन सेंटिमीटरला १५० ग्रॅम, म्हणजे शिशाच्या तेरापट. तरीही ते घन नाही, द्रवही नाही. इतक्या तापमानात अणूंची इलेक्ट्रॉनांची कवचं गळून पडलेली असतात, उरतात ती उघडी अणुकेंद्रं आणि भटके इलेक्ट्रॉन. ही अणुकेंद्रं इतकी चिमुकली असतात की एवढ्या दाटीतही त्यांना हिंडायला भरपूर जागा उरते.

इथे चार प्रोटॉनांचा मिळून एक हेलियम बनतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चार प्रोटॉन एकदम येऊन भिडत नाहीत. आधी दोन प्रोटॉन एकत्र येतात आणि त्याच क्षणी त्यांतल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. तेव्हा ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, तयार होतो आणि एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाचा धनभारित जोडीदार) व एक न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारा भाररहित कण) बाहेर पडतो. पुढच्या काही सेकंदांतच ड्यूटेरियमला तिसरा प्रोटॉन चिकटून हेलियम-३ होतो. दोन हेलियम-३ भेटले की एक हेलियम-४ तयार होतो आणि दोन प्रोटॉन परत मिळतात. सगळी मेख पहिल्या पायरीत आहे. दोन धनभारित कण एकमेकांना ढकलत असतात आणि ती भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा गाभ्यातल्या सर्वसाधारण प्रोटॉनाकडे नसते. पुंजयांत्रिकीच्या नियमाने तो क्वचित भिंतीतून पलीकडे निसटतो. निसटला तरी बहुतेक वेळा जोडी तशीच फुटते, कारण प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होणं फारच दुर्मीळ. हिशेब असा बसतो की गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनाला ही पहिली पायरी चढायला सरासरी नऊशे कोटी वर्षांच्या घरात वाट पाहावी लागते. सूर्य इतकी वर्षं टिकतो तो या दिरंगाईमुळे.

दिरंगाईचा आणखी एक परिणाम ऐकून लोक चमकतात. केंद्राशी दर घनमीटरमागे ऊर्जानिर्मिती होते ती सुमारे २७५ वॅट. तेवढ्याच आकारमानामागे स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर याच्या चौपट-पाचपट उष्णता बाहेर टाकतं. सूर्य प्रखर आहे तो नुसत्या आकाराच्या जोरावर. दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो, त्यातलं ४० लाख टनांहून थोडं अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलतं आणि तरी दर घनमीटरला ही भट्टी मंद आचेवरच असते.

मग ही भट्टी भडकत का नाही, विझत का नाही? समजा गाभ्यात ऊर्जा जरा जास्त तयार झाली. गाभा तापतो, फुगतो, फुगल्यामुळे थंड होतो आणि अभिक्रिया मंदावते. कमी तयार झाली तर वरच्या थरांचं ओझं त्याला दाबतं, तो तापतो आणि अभिक्रिया वेग घेते. बाहेरून कुणी हात न लावता चालणारा हा तोल आहे.

गाभ्यातून थेट बाहेर येतो तो फक्त न्यूट्रिनो. त्याला वाटेतलं काहीच दिसत नाही, त्यामुळे सव्वादोन-अडीच सेकंदांत तो सूर्याबाहेर असतो आणि साधारण आठ मिनिटांनी पृथ्वीवर. आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी सौर न्यूट्रिनो आरपार जातात. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, क्लोरीनयुक्त द्रवाची जवळपास ३,८०,००० लिटरची टाकी भरून ते मोजायला घेतले, तेव्हा अपेक्षेच्या एक तृतीयांशच हाती लागले. तीस वर्षं दोष कुणाचा यावर खल चालला: प्रयोगाचा, की सूर्याच्या गणिती प्रतिकृतीचा? कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने २००१–०२ मध्ये निकाल दिला. न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यांची एकच जात ओळखता येत होती. गाभ्याबद्दलचा हिशेब बरोबर होता, न्यूट्रिनोबद्दलची समजूत चुकीची होती.

प्रकाशाचं नशीब न्यूट्रिनोसारखं नाही. पाव त्रिज्येपासून साधारण सत्तर टक्के त्रिज्येपर्यंत प्रारण विभाग पसरला आहे. इथे उष्णता पुढे जाते ती फोटॉनांच्या हाती, पण फोटॉन सेंटिमीटरभरही सरळ चालू शकत नाही. तो इलेक्ट्रॉनावर आपटतो, अणुकेंद्राजवळ शोषला जातो, पुन्हा भलत्याच दिशेला सोडला जातो. पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल, बाजूला दोन. यातून बाहेर पडायला लागणारा काळ दहा हजार वर्षांपासून पावणेदोन लाख वर्षांपर्यंत कसाही सांगितला जातो, कारण उत्तर पावलाची लांबी किती धरता यावर अवलंबून असतं आणि ती प्रत्येक खोलीवर वेगळी आहे. ‘आज अंगावर पडलेलं ऊन लाख वर्षांपूर्वी निघालं’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. निघालेला फोटॉन पोचतच नाही. केंद्राशी असतो तो क्ष-किरणांचा फोटॉन. दर टप्प्यावर तापमान उतरत जातं आणि त्याची ऊर्जा अधिकाधिक दुबळ्या फोटॉनांमध्ये वाटली जाते. केंद्रातलं तापमान आणि पृष्ठभागाचं तापमान यांचं गुणोत्तर पाहिलं तर आतला एक फोटॉन बाहेर येईतो अडीच हजारांहून अधिक फोटॉनांत मोडलेला असतो. पोचते ती ऊर्जा.

सत्तर टक्क्यांपाशी तापमान वीस-बावीस लाखांवर उतरतं. आतापर्यंत जवळपास उघडी असलेली कार्बन, ऑक्सिजन, लोह यांची अणुकेंद्रं आता काही इलेक्ट्रॉन परत धरून ठेवू लागतात, आणि इलेक्ट्रॉन धरलेला अणू प्रकाश अडवण्यात पटाईत असतो. वाट तुंबते. तुंबलेली उष्णता खालून तापवत राहते आणि वर जाताना तापमान फार झपाट्याने घसरू लागतं. अशा ठिकाणी वायूचा एखादा गोळा जरा वर सरकला की तो प्रसरण पावून थंड होतो खरा, पण आजूबाजूचा वायू त्याहून थंड असतो. म्हणजे गोळा अजूनही हलकाच, आणखी वर चढतो. उकळी फुटायची अट एवढीच. ती कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९०६ मध्ये मांडली. इथून वर अभिसरण विभाग. जड मूलद्रव्यं सूर्यात वजनाने दोन टक्क्यांहूनही कमी आहेत, पण उकळी कुठे सुरू होणार हे त्या चिमूटभर ऐवजावर ठरतं.

ही सीमा आपल्याला इतकी नेमकी कशी कळली? सूर्य वाजतो म्हणून. उकळत्या थराच्या खळबळीतून ध्वनिलहरी उठतात. पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालात खालीवर होतो, हे १९६०च्या सुमारास रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. लहर आत शिरली की तापमानाबरोबर तिचा वेग वाढत जातो, ती वाकत वाकत परत वर येते आणि पृष्ठभागाखालून पुन्हा परावर्तित होते. ज्या लहरीची आडवी लांबी जास्त, ती जास्त खोल जाऊन वळते. त्यामुळे दोन लहरींच्या कंप्रतांची वजाबाकी केली की त्या दोघींच्या मधल्या थराबद्दल कळतं. अशा लाखो लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एकटीचा पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटरपेक्षाही कमी.

अशा मोजमापात रात्र हा सगळ्यात मोठा अडथळा ठरतो. एका ठिकाणाहून सूर्य पाहिला तर दर चोवीस तासांनी नोंदीत खिंडार पडतं आणि त्या खिंडारामुळे प्रत्येक खऱ्या कंप्रतेच्या दोन्ही बाजूंना ११.६ मायक्रोहर्ट्‌झवर खोट्या कंप्रता उगवतात. खऱ्या रेषाही एकमेकींच्या इतक्याच जवळ असतात, त्यामुळे खरी कोणती आणि सावली कोणती हे ठरेना. म्हणून १९९५ पासून ‘गाँग’ या जाळ्याची सहा केंद्रं पृथ्वीभर बसवली आहेत, त्यांतलं एक उदयपूरला आहे. कुठे ना कुठे दिवस असतोच. या मोजमापातून अभिसरण विभागाचा तळ निघाला तो केंद्रापासून ०.७१३ त्रिज्येवर. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत.

आणि इथेच पाणी मुरलं. २०००नंतर वर्णपटाचं विश्लेषण सुधारलं तेव्हा सूर्यातला ऑक्सिजन पूर्वीच्या अंदाजाहून बराच कमी निघाला. तो आकडा घालून प्रतिकृती चालवली की वाट तुंबायला उशीर होतो आणि उकळीचा तळ सुमारे १०,००० किलोमीटर वर सरकतो. ध्वनी सांगतो एक, वर्णपट सांगतो दुसरं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

ध्वनीनेच आणखी एक गोष्ट उघड केली. प्रारण विभाग एखाद्या घन गोळ्यासारखा एकजुटीने फिरतो. त्यावरचा उकळता भाग तसा फिरत नाही, विषुववृत्तावर त्याची फेरी पंचवीस दिवसांत होते आणि ध्रुवांजवळ पस्तीसच्या आसपास दिवस घेते. दोन्हींच्या सांध्यावर एक पातळ थर आहे, टॅकोक्लाइन, आणि तिथे सगळी ओढाताण साठते. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र इथेच ताणलं-पिळलं जातं असा अनेकांचा कयास आहे. काही जण त्याचा उगम पृष्ठभागाच्या बराच जवळ मानतात.

उकळीवर स्वार झालेली ऊर्जा महिन्याभराच्या हिशेबात वर येते, आणि मग जे होतं ते मला सगळ्या सूर्यात सर्वांत सुंदर वाटतं. वायूच्या गोळ्याला धारदार काठ का दिसावा? दीप्तिगोलातला, म्हणजे ज्याला आपण पृष्ठभाग म्हणतो त्या थरातला, वायू आपल्या हवेच्या कित्येक हजारपट विरळ असतो. एवढा विरळ हायड्रोजन तर पारदर्शक हवा. उत्तर १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी दिलं. काही कोटी हायड्रोजन अणूंमागे एखादा अणू एक जादा इलेक्ट्रॉन पकडून बसतो. हा ऋण आयन इतका सैल बांधलेला असतो की दृश्य प्रकाशाचा कुठलाही फोटॉन त्याचा इलेक्ट्रॉन उडवू शकतो आणि ते करताना स्वतः गिळला जातो. जादा इलेक्ट्रॉन येतात कुठून? मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन, सोडियम यांच्यासारख्या पटकन इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या मूलद्रव्यांकडून. म्हणजे पुन्हा तोच चिमूटभर ऐवज! वर जाताना हे आयन झपाट्याने कमी होतात आणि अवघ्या काहीशे किलोमीटरच्या आत वायू अपारदर्शकाचा पारदर्शक होतो. पृथ्वीवरून ५०० किलोमीटर म्हणजे कोनाचा एक विकलाही (अंशाचा ३,६००वा भाग) नाही. काठ सुरीने कापल्यासारखा दिसतो तो यामुळे. बोट ठेवावं असा पृष्ठभाग तिथे नाही. प्रकाश जिथून शेवटचा निसटतो ती ही खोली, तापमान ५,७७२ केल्विन.

दुर्बिणीला सौर गाळणी लावून पाहिलं तर या खोलीचा पुरावा लगेच मिळतो. सूर्यबिंब मध्यभागी उजळ आणि कडेला मंद दिसतं. मध्यावर आपली नजर सरळ खाली जाते आणि खोलचा, अधिक तापलेला थर दिसतो. कडेला ती तिरपी शिरते आणि वरच्या थंड थरातच अडते. बिंब सपाट एकसारखं दिसत असेल तर प्रतिमा गरजेपेक्षा प्रखर झाली आहे असं समजावं.

गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवी, एक लक्षांश प्रकाश आत सोडणारी. नेत्रिकेत बसवायची काळी काच एकवटलेल्या उष्णतेने क्षणात तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो, तेव्हा ती सरळ फेकून द्यावी. शोधक दुर्बिणीवर झाकण आहे का, गाळणीला टाचणीएवढं भोक पडलंय का, हे दर वेळी तपासावं. सूर्यकण, म्हणजे उकळीच्या माथ्यावरचे दाणे, पाहायचे असतील तर किमान शंभर मिलिमीटरची दुर्बीण लागते, कारण हजार किलोमीटरचा दाणा म्हणजे सुमारे १.४ विकला. एकेक दाणा दहा-वीस मिनिटं जगतो. उजळ मध्यातून तापलेला वायू वर येतो आणि काळपट कडांवरून थंड होऊन खाली जातो. सकाळी, जमीन तापण्याआधी पाहावं. दुपारी हवाच इतकी थरथरते की बऱ्याच मोठ्या दुर्बिणीतही दाणे पुसले जातात.

डाग मात्र छोट्या दुर्बिणीतही दिसतात. हजारो गॉसचं चुंबकीय क्षेत्र उकळी दाबून धरतं, खालची उष्णता वर येत नाही आणि तो भाग चार हजार केल्विनच्या आसपास थंडावतो. तो काळा दिसतो केवळ शेजाऱ्याच्या झगमगाटामुळे. हे क्षेत्र जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये वर्णरेषा दुभंगलेल्या पाहून ओळखलं. पुढच्याच वर्षी कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना डागाच्या उपच्छायेतून, म्हणजे काळ्या मध्याभोवतीच्या फिकट पट्ट्यातून, बाहेरच्या दिशेने वाहणारा वायू सापडला.

दीप्तिगोलाच्या वर साधारण दोन हजार किलोमीटर वर्णगोल. तळाशी तापमान चार हजारांच्या थोडं वर, इतकं खाली उतरतं आणि मग, सगळ्या तर्काविरुद्ध, चढू लागतं. हा थर दिसतो तो हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेत, आणि त्यासाठी नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद पट्टा सोडणारी गाळणी लागते. अरुंदपणाचीही किंमत असते. सेकंदाला पन्नास किलोमीटर वेगाने आपल्याकडे झेपावणाऱ्या सौरज्वालेचा प्रकाश तेवढ्यानेच पट्ट्याबाहेर सरकतो आणि ज्वाला डोळ्यांदेखत नाहीशी होते. गाळणी थोडी निळ्या बाजूला वळवली की ती परत दिसते. याच थराच्या वर्णपटात १८६८ च्या ग्रहणात, गुंटूरला आलेल्या जान्सेन यांच्यासह अनेकांना एक पिवळी रेषा दिसली. लॉकियर यांनी ती त्याच वर्षी इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय पाहिली. ती हेलियमची होती; पृथ्वीवर हेलियम हाती यायला १८९५ उजाडलं.

वर्णगोलाच्या माथ्यावर एक अगदी पातळ संक्रमण थर आहे. तो ओलांडला की तापमान हजारांतून दहा लाखांवर जातं. त्यापलीकडे करोना, दीप्तिगोलाच्या दहा लाखांश तेजाचा. १८६९ च्या ग्रहणात त्यात ५३०.३ नॅनोमीटरवर हिरवी रेषा सापडली. कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ असं नवं नावही देऊन झालं. सत्तर वर्षांनी ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी दाखवलं की ते साधं लोह आहे, फक्त त्याचे तेरा इलेक्ट्रॉन झडलेले. इतके इलेक्ट्रॉन झडायला वीस लाखांच्या आसपास तापमान लागतं.

पावणेसहा हजारांच्या पृष्ठभागावर वीस लाखांचं वातावरण कसं? थंड वस्तू गरम वस्तूला तापवू शकत नाही, म्हणजे हे काम साध्या उष्णतेचं नव्हे. लागणारी ऊर्जा तशी किरकोळ आहे: शांत सूर्यावर, एकूण बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा लाखावा भागसुद्धा नाही, कारण करोना कमालीचा विरळ. प्रश्न पोचवण्याचा आहे. अभिसरणाने हलवलेल्या चुंबकीय रेषांवरून लहरी वर जातात आणि तिथे विरतात, हा एक पक्ष. रेषा एकमेकींत गुंतून असंख्य बारीक स्फोटांनी तुटतात-जुळतात, हा दुसरा. तो यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये मांडला. दोन्ही घडतात हे दिसतं, कुणाचा वाटा किती हे ठरत नाही. भारताच्या आदित्य-एल१ यानावरचा करोनाग्राफ, म्हणजे सूर्यबिंब झाकून करोना दाखवणारी दुर्बीण, सूर्याच्या काठाच्या अगदी लगतचा करोना सतत पाहतो तो याच भागासाठी, कारण तापमानाची चढण तिथेच आहे.

करोना इतका तापलेला असल्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला पुरतं धरून ठेवू शकत नाही, तो सौरवारा होऊन वाहत सुटतो, हे पार्कर यांनीच १९५८ मध्ये सांगितलं होतं. मग सूर्य संपतो कुठे? जिथवर चुंबकीय लहरी उलट सूर्याकडे परतू शकतात तिथवर सूर्याचं वातावरण; त्यापुढे वारा लहरींपेक्षा वेगवान होतो आणि मागे काही कळवता येत नाही. या हद्दीला आल्फवेन सीमा म्हणतात. पार्कर यांचं नाव दिलेलं यान २८ एप्रिल २०२१ रोजी सूर्यापासून सुमारे १८.८ सौरत्रिज्यांवर ती ओलांडून प्रथमच आत शिरलं. पण त्याच फेरीत ते काही तासांत बाहेर पडलं, पुन्हा आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. यानाची वाट गुळगुळीत होती. सीमेलाच घड्या पडलेल्या होत्या.